ऊना वहीत नव्हती

रॅलीच्या गाडीतल्या नेव्हिगेटरला रस्ता दिसत नाही, हे लोकांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. त्यांना वाटतं, पुढच्या सीटवर बसलाय, समोर एवढी मोठी काच आहे, मग बघत नाही तर करतो काय? अरे बाबांनो, मांडीवर वही असते आणि मान खाली असते. रस्ता कळतो तो बुडाला, डोळ्यांना नाही. वळण यायच्या आधी त्या वळणाची हाक द्यायची, एवढंच काम. हाक लवकर गेली तर ड्रायव्हर विसरतो, उशिरा गेली तर गाडी ओहोळात. मॅनस मकगिन्लीच्या डाव्या हाताला बसून मी बावीस वर्षं हाका दिल्या आणि एकही उशिरा दिली नाही. बढाई मारत नाही, आमच्या डोनेगल जिल्ह्यात कुणालाही विचारा. म्हणजे तेव्हा विचारायला हवं होतं. आता माझ्याबद्दल कुणाला काही न विचारलेलं बरं.

मॅनस आणि मी शाळेपासूनचे. मी विजेची कामं करतो, तो आमच्या कार्नड्रिमच्या शाळेची बस चालवायचा. त्याची बायको नोरीन, बोलायला फटकळ पण मनाने सोनं. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात माझी एक खुर्ची ठरलेली होती. वर्षभर आम्ही दोघं त्याच्या शेडमध्ये त्या जुन्या एस्कॉर्ट गाडीखाली पडून ग्रीस चोपडायचो, ते मे महिन्यातल्या दोन दिवसांसाठी. शनिवारी रस्ता बघायचा, रविवारी रॅली. बक्षीस म्हणजे एक कप आणि हॉटेलातलं जेवण. पण त्या दोन दिवसांवर आमचं वर्ष निघायचं.

त्या वर्षी रॅलीला दहा दिवस होते. मी शेडमध्ये गेलो तर मॅनस पान्यांच्या पेटीवर नुसता बसलेला. म्हणाला, "यूनन, दार लाव."

मी लावलं.

"मागच्या आठवड्यात डब्लिनला गेलो होतो ना, गिअरबॉक्स बघायला?"

"हो. आणि हात हलवत परत आलास."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो."

मग त्याने सांगितलं. समोरचं अगदी लख्ख दिसतं, लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरंसुद्धा. पण कडेचं जातंय. पाइपातून बघितल्यासारखं, आणि तो पाइप दर वर्षी अरुंद होत जाणार. इलाज नाही. डॉक्टरने सांगितलं होतं, आजपासून गाडी बंद, लायसन्सच्या ऑफिसला कळवा. तसं पत्रही दिलं होतं. ते पत्र त्याच पेटीत पान्यांच्या खाली होतं.

"नोरीनला?"

"वेडा आहेस का?"

"आणि बस?"

"पोरं मागे बसतात रे, बाजूला नाही बसत," असं म्हणून तो हसला.

माझं डोकंच फिरलं. "चाळीस लेकरं आहेत त्या बसमध्ये, मॅनस! माझ्या बहिणीच्या दोन पोरी आहेत. विनोद कसले करतोस?"

तो खाली बघत म्हणाला, "एवढी रॅली होऊ दे. रविवारी रॅली, सोमवारी सकाळी मी स्वतः फादर ओडॉनेलकडे जातो आणि बसची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवतो. आईची शपथ. तोपर्यंत कुणाला बोलू नकोस."

शाळेचा कारभार फादरच बघायचे. मी तेव्हाच उठून त्यांच्याकडे जायला हवं होतं, अर्ध्या मैलावर घर होतं. पण मी 'बरं' म्हणालो. का म्हणालो? खरं सांगू? मलाही ती रॅली हवी होती. त्याची सुटली की माझीही सुटणार होती. दुसऱ्या कुणाच्या डावीकडे मी बसणार नव्हतो. म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, आणि तेही धडक्या डोळ्यांच्या माणसाने.

शनिवारी आम्ही नोरीनची छोटी गाडी घेऊन रस्ते बघायला निघालो. असं असतं, की हळूहळू जायचं, ड्रायव्हर वळण सांगतो आणि नेव्हिगेटर लिहितो. वळणाला एक ते सहा आकडे. एक म्हणजे अगदी कोपरा, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. डावं चार, साठ मीटर, उंचवटा, उजवं तीन, कापू नको, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेवर चढू नको. दुसऱ्या दिवशी तेच ओरडायचं.

त्या दिवशी मी वळणांबरोबर कडाही लिहिल्या. डावीकडे फाटकाचा खांब. उजवीकडे भिंत बाहेर आलेली. डावीकडे जळणाच्या पीट-मातीचा ढीग. टपालपेटी. जे जे त्याला दिसणार नव्हतं ते ते सगळं मी वहीत घातलं.

"ही रॅलीची वही आहे की पोस्टमनची?" मॅनस म्हणाला.

"तू गाडी चालव."

खिंडीच्या रस्त्यावर डावीकडच्या गवतातून एक मेंढी सरळ पुढ्यात आली. मी ओरडलो तेव्हा कुठे त्याने ब्रेक मारला. मेंढी बोनेटपासून हातभर अंतरावर उभी राहून आमच्याकडे बघत होती. मॅनसच्या कपाळावर घाम होता. "तुझ्यासारखी दिसते," असं काहीतरी तो म्हणाला, पण मला हसू आलं नाही. उलट मी मनात म्हटलं, बघ, मी ओरडलो आणि निभावलं. म्हणजे मी आहे तोवर निभेल. गाढवपणाला काही सीमा असते का?

दुपारी नोरीनने हॅमची सँडविचं आणि थर्मास पुढे ठेवला. मॅनस हात धुवायला गेला तशी ती मला हळूच म्हणाली, "यूनन, हा हल्ली टेबलावरचे कप का पाडतो रे? दारू तर कधीची सोडलीय."

"म्हातारा झाला तुझा नवरा."

"तू सांगशील ना काही असलं तर?"

"काय असणार आहे?" मी म्हटलं आणि तिच्याच हातचं सँडविच खाल्लं.

रविवारी सकाळी डोंगर धुक्यात होते. फादरनी दरवर्षीप्रमाणे रांगेतल्या गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. आमचा नंबर एकतीस. आमच्या पुढे तीस नंबरला आमच्याच गावचा डेक्लन स्वीनी आणि त्याची बहीण ऊना. तो चालवायचा आणि ती वही वाचायची. डेक्लन जिभेने तिखट.

"मॅनस, चुकून इकडे आलास का? म्हाताऱ्यांची रांग पलीकडे आहे, बसथांब्यावर."

"तू हो पुढे, बाळा," मॅनस म्हणाला. "वाटेत कुठे पडलास तर उचलून घेऊ."

ऊना हसली. तिचं ते हसणं मला अजून आठवतं.

रॅलीचा रस्ता तुकड्यांचा, एकेका तुकड्याला स्टेज म्हणायचं आणि तिथे मिनिटाच्या अंतराने एकेक गाडी सोडायची. खिंडीच्या स्टेजला आमच्या मागची बत्तीस नंबरची गाडी सुरुवातीच्या रेषेवरच क्लच जळून बंद पडली आणि मागच्या गाड्या अडल्या. पुढे सगळं त्यावर गेलं, पण तेव्हा आम्हाला त्याचं काय? आम्ही निघालो.

खिंडीची तिसरी स्टेज मॅनस जशी चालवत होता तशी मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली तेव्हाही नाही, बुडाने ओळखली. कडेचं काही दिसत नव्हतं म्हणून भीतीही नव्हती की काय कोण जाणे. मी हाक द्यायचो आणि गाडी वळायची, मध्ये मॅनस नावाचा माणूसच नव्हता. "डावं पाच, डावीकडे खांब. चाळीस. उंचवटा. उजवं तीन, भिंत बाहेर, कापू नको. डावं चार, लांब, ओहोळ." माझा आवाज आणि त्याचे हात. तेवढी आठ मिनिटं मी जगात सगळ्यात सुखी होतो. असं म्हणायची आता लाज वाटते, पण होतो.

स्टेजच्या शेवटी वेळ घेणाऱ्या मार्शलने खिडकीशी येऊन आमची वेळ सांगितली. आमच्या गटात पहिले. मी मॅनसच्या खांद्यावर थाप मारली. मार्शल मागे रस्त्याकडे बघत होता.

"तीस नंबर अजून आली नाही. तुम्हाला वाटेत दिसली का?"

मॅनसने मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग मार्शलच्या हातातला वायरलेस खरखरला आणि स्टेज थांबवल्याचं कळलं.

प्रत्येक गाडीत एक बोर्ड असतो. एका बाजूला हिरवं, म्हणजे आम्ही ठीक आहोत, जा पुढे. दुसऱ्या बाजूला लाल, म्हणजे माणूस मरतोय, थांब. लाल दिसला की मागून येणाऱ्याने थांबायचंच, मग तो कितीही पुढे असो. रॅलीचे बाकीचे नियम लोक वाकवतात, फसवतात, टायरवरून भांडतात. पण लाल बोर्ड ओलांडून आमच्या भागात कुणी कधी गेलं नव्हतं.

संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या खोलीत तीन पंच बसले. ऊना तशीच आली होती, अंगावरच्या कपड्यांवर रक्त होतं. ती शांतपणे बोलली, त्यामुळे जास्तच लागलं.

"गाडी ओहोळात उलटी झाली. डेक्लनचा पाय पत्र्यात अडकला होता. मी रांगत वर आले आणि वळणाच्या डाव्या कडेला उभी राहिले. लाल बोर्ड असा डोक्यावर धरला होता. एकतीस नंबर आली. मला वाटलं, देव पावला, मॅनस आहे." तिने हात वर करून दाखवला. "त्याचा आरसा माझ्या हाताला लागला असता. तो गेला. पुढची गाडी सात मिनिटांनी आली."

डावं चार, लांब, ओहोळ. ती हाक मीच दिली होती. त्या वळणावरचा ओहोळ वहीत होता, खांब होता, भिंत होती. ऊना वहीत नव्हती.

मुख्य पंच म्हणाले, "मॅनस, तुला बोर्ड दिसला?"

मी वाट बघत होतो. एक वाक्य पुरलं असतं.

"दिसला," मॅनस म्हणाला.

मुख्य पंच खुर्चीत पुढे सरकले.

"दिसला? मग थांबला का नाहीस?"

"वेळ चांगली लागली होती."

पंच त्याच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू, यूनन?"

"माझी मान वहीत होती," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा होता, आणि त्याहून मोठी थाप मी आयुष्यात मारलेली नाही.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याची गचांडी धरली. "असं का बोललास? का?"

"दिसला नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता?" तो म्हणाला. "निर्दयी म्हणतील. म्हणू देत. आंधळा नको म्हणायला. बस जाईल."

"अरे, पण बस उद्या जाणारच होती ना? शपथ घेतलीस ना आईची?"

तो गचांडी सोडवून गाडीकडे वळला. त्याचा सोमवार कधी येणारच नव्हता, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

डेक्लन वाचला. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. सात मिनिटं आधी कुणी पोचलं असतं तर वाचला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि गावाने विचारायची वाट पाहिली नाही. क्लबने मॅनसला जन्मभरासाठी काढून टाकलं. दुकानात तो शिरला की बोलणं थांबायचं. नोरीनला पाव देताना दुकानदारीण पाव टेबलावर ठेवायची, हातात द्यायची नाही. आणि सोमवारी सकाळी आठ वाजता बस निघाली. कारण लोक म्हणत, माणूस नीच आहे, पण ड्रायव्हर चांगला आहे. वीस वर्षांत बसला ओरखडा नाही.

मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "मॅनस, किल्ली दे."

"सगळं गेलं माझं. आता बसही काढून घेतोस?"

मी परत आलो. उद्या सांगू म्हटलं. फादर पहिला प्रश्न विचारणार, तुला केव्हापासून माहीत होतं? त्याचं उत्तर द्यायला माझ्यात हिंमत नव्हती. रोज सकाळी मी व्हॅन घेऊन चर्चच्या वळणावर उभा राहायचो आणि बस सुखरूप गेली की कामाला जायचो. जणू माझ्या तिथं उभं राहण्याने काही होणार होतं! दुसऱ्या आठवड्यात बसचा डावा आरसा फुटलेला दिसला. मॅनसने सांगितलं, लॉरीवाल्याने घासला. लोकांना पटलं. माझ्या भाच्या डावीकडच्या खिडकीत बसल्या होत्या, मला बघून हात हलवत होत्या. मी पण हात हलवला.

तिसऱ्या रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. मॅनस आणि नोरीन नेहमीच्या बाकावर, मॅनस मधल्या वाटेच्या टोकाला. त्यांच्या पुढचं आणि मागचं बाक रिकामं. मी त्याच्याही मागे. आमच्यात प्रार्थनेच्या मध्ये फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे आजूबाजूच्यांचे हात हातात घेतात. आधीचे दोन्ही रविवार मॅनसचा हात कुणी घेतला नव्हता. नोरीन त्याचा हात घ्यायची आणि दोघं समोर बघत बसायचे. मी? मी वाकून काहीतरी शोधत असल्यासारखं करायचो.

त्या दिवशी ऊना उठली. डाव्या बाजूच्या बाकांवरून निघून वाट ओलांडून ती मॅनसच्या बाकाशी आली. सगळं चर्च बघत होतं. ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

मॅनस वेदीकडे बघत होता, हनुवटी वर, मान ताठ. शरमेने तो अलीकडे तसाच बसायचा.

तिचा हात तसाच राहिला. मी मनात पाच मोजले असतील. नोरीन डोळे मिटून होती. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, मस्ती अजून उतरलेली नाही." ऊनाचा चेहरा लाल झाला. तिने हात मागे घेतला. ती दुसऱ्यांदा त्याच्या डाव्या कडेला उभी होती आणि तो दुसऱ्यांदा तिच्यापासून पुढे निघून चालला होता.

"ऊना, त्याला दिसत नाहीये!"

एवढ्या मोठ्याने मी फक्त इंजिनच्या आवाजावर ओरडलो आहे. चर्चमध्ये ते घुमलं.

"त्याला कडेचं दिसत नाही. डोळे जातायत त्याचे. त्या दिवशी पण तू दिसली नव्हतीस. खोटं बोलला तो, दिसलीच नव्हतीस! त्याला बस चालवू देऊ नका."

फादरचा हात वेदीवर थांबला. नोरीन डोळे उघडून नवऱ्याकडे बघत होती, ते पाडलेले कप, सगळं एकदम कळल्यासारखी. आणि मॅनस मान फिरवत होता, अगदी हळू, आधी उजवीकडे, मग डावीकडे, हाक कुठून आली ते शोधत.

मिस्सेनंतर अंगणात लोक उभे होते, कुणी घरी जाईना. ऊना माझ्यासमोर आली.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"रॅलीच्या दहा दिवस आधी."

"गाडीत बसलास तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि नंतर तीन आठवडे? बस चालू असताना?"

"हो."

ती मॅनसकडे गेली आणि या वेळी सरळ त्याच्या समोर उभी राहिली. त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "डेक्लनने सांगितलंय," ती म्हणाली, "त्याचा तुमच्यावर राग नाही. मी बरोबर जागी उभी राहिले नाही, एवढंच." मॅनस रडायला लागला, लहान पोरासारखा, नाक पुसत. परत जाताना ती माझ्या अगदी जवळून गेली, खांद्याला खांदा लागेल इतक्या. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तिचे डोळे चांगले आहेत.

मॅनसने खिशातून बसची किल्ली काढून फादरच्या हातात ठेवली. मग नोरीनने तिच्या गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली आणि मागे जाऊन बसली. मी चालवायला बसलो. मॅनस डावीकडच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदा बसला होता. त्याने डोळे मिटून घेतले.

चर्चपासून त्याच्या घरापर्यंत दीड मैल. पुलाजवळ तो हळूच म्हणाला, "उजवं तीन." मी वळलो. "साठ. डावं पाच, खांब." डोळे मिटलेले, आणि प्रत्येक हाक अगदी वेळेवर. मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता, मी त्याच्या हाकांवर घरापर्यंत गेलो.

दारात गाडी थांबली. नोरीन उतरून त्याच्या बाजूला आली आणि तिने त्याचा हात धरला. तो उतरला, दार लावणार, इतक्यात थांबला आणि मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हाक तुझ्याकडे होती, यूनन," तो म्हणाला. "माझ्यात तेवढा दम नव्हता, तुला माहीत होतं. उशिरा दिलीस."